चांगली माणसं असतातच, गाठ पडावी लागते

नाशिकच्या पंचवटीत महापालिकेच्या शाळेत मी शिकवलं. शिकवण्याच्या जोडीला जनगणना, मतदारयाद्या, पल्स पोलिओ ही शिक्षकांच्या गळ्यात पडणारी सगळी कामं केली. कामं कटकटीची, पण दारोदार फिरून एक झालं. कोण कुणाकडे चहाला जातं, कोण कुणाशी बोलत नाही आणि कुणाच्या उंबऱ्यावर कुणीच चढत नाही, हे डोक्यात पक्कं बसलं. निवृत्तीनंतर निकोलस क्रिस्टाकिस यांची पुस्तकं हाती आली. हे मूळचे डॉक्टर. शिकागोत अखेरच्या आजारातल्या माणसांची देखभाल करायचे. तिथे त्यांच्या लक्षात आलं की आजारपण एका खाटेपुरतं राहत नाही. ते लेकीपर्यंत जातं, लेकीकडून जावयापर्यंत, जावयाकडून त्याच्या मित्रापर्यंत. मग माणसामाणसांतल्या नात्यांचं जाळं कसं असतं आणि त्यातून काय काय पुढे सरकतं, हाच त्यांच्या आयुष्याचा अभ्यास झाला. वाचताना बऱ्याच पानांवर मला आमची गल्ली दिसली. काही पानं पटली नाहीत. दोन्ही लिहिते. आकडे घातलेत ते मास्तरकीच्या सवयीने.

1. कुणाला गाठायचं, हे गल्लीलाच विचारावं

पोलिओच्या रविवारी बूथवर न आलेली मुलं पुढच्या दिवसांत घरोघरी शोधायची. खांद्याला डोसाची पेटी, हातात खडू, डोस पाजला की दारावर खूण. काही दारं अर्धीच उघडायची. "बाळ झोपलंय." "मामाकडे गेलंय." "मागच्या खेपेला पाजलंय ना, किती वेळा?" अशा वेळी वजनदार माणूस आणावा, असं वरून सांगितलं जायचं. मग एखादे पुढारी यायचे, लोक नमस्कार करायचे, चहा व्हायचा आणि बाळ मामाकडेच राहायचं.

कामाला यायची ती भलतीच बाई. आमच्या भागात एक जण घरी ब्लाउज शिवायची. पद नाही, पैसा नाही. पण दार लावून घेणाऱ्या कुठल्याही बाईला "तुमची उठबस कुणाकडे?" असं विचारलं, की फिरून फिरून तिचंच नाव यायचं. ती मशीन थांबवून, गळ्यात टेप तशीच ठेवून आमच्याबरोबर चालायला लागायची. दारात उभं राहून म्हणायची, "ये गं बाहेर, माझ्या नातवाला कालच पाजलंय, खेळतोय बघ." दार सताड उघडायचं.

याला शास्त्र आहे. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने 1991 मध्ये दाखवून दिलं की आपल्या मित्रमैत्रिणींना सरासरीने आपल्यापेक्षा जास्त मित्रमैत्रिणी असतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण सरळ आहे: जिच्या ओळखी जास्त, तिचं नाव जास्त जणींच्या तोंडी. म्हणून वस्तीत कुणालाही गाठा, तिची मैत्रीण कोण ते विचारा आणि त्या मैत्रिणीकडे जा. आपोआप जास्त ओळखींच्या बाईपर्यंत पोचता. क्रिस्टाकिस यांच्या चमूने हे होंडुरासच्या खेड्यांत जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटताना करून पाहिलं. पुढे मुंबईतल्या 50 निवासी इमारतींत, सुमारे अडीच हजार बायकांमध्ये, लोहयुक्त मिठासाठीही करून पाहिलं. 2022 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. मुंबईत आणखी एक कळलं. एकट्यादुकट्या बाईला माहिती देण्यापेक्षा दोन मैत्रिणींना जोडीने दिली, तर नवं मीठ जास्त घरांत जातं. हळदीकुंकवाला बायका जोडीने का जातात, हे ज्याने पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही.

भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला, आणि मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या शिवणवाल्या बाईचं नाव कुठल्याही कागदावर नाही.

2. भांडण हीसुद्धा ओळखच

नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि तिचा पूर क्युसेकमध्ये मोजत नाहीत. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं का, छातीला लागलं का, एवढंच विचारतात. सप्टेंबर 2008, 2 ऑगस्ट 2016, 4 ऑगस्ट 2019 हे अलीकडचे मोठे पूर. पाणी चढलं की सराफ बाजार आणि भांडी बाजार आधी बुडतात.

आमच्या एका नातलगांचं भांडी बाजारात छोटं दुकान आहे. शेजारच्या दुकानदाराशी त्यांचा पायरीवरून वाद. कुणी कुणाच्या पायरीवर माल मांडला, यावरून बोलणंच बंद. 2016 च्या त्या दिवशी पाणी गल्लीत शिरलं तेव्हा दुकानात नातलग आणि एक म्हातारा नोकर. एकात एक घातलेल्या पातेल्यांच्या चळती, तांब्याच्या घागरी, वर्षभराच्या लग्नांच्या ऑर्डरी. पितळेची चळत एकट्याने उचलत नाही. तेवढ्यात शेजाऱ्याची दोन मुलं पाण्यातून आत आली. काही न विचारता चळती उचलायला लागली आणि आपल्या दुकानाच्या माळ्यावर नेऊन ठेवू लागली, कारण त्यांचा माळा उंच. बाप खाली दोर धरून उभा. पूर ओसरल्यावर बाजारभर चिखलाचा वास, आणि सगळे चिंच लावून पितळ घासत बसलेले. माल परत देताना शेजाऱ्याने एक घागर कमी भरतेय म्हणून स्वतःच शोधून आणली. पायरीचा वाद आजही आहे.

मला यातली गोम ही वाटते, की त्या माणसाला ठाऊक होतं: याच्याकडे एकच म्हातारा नोकर आहे, याचा माळा ठेंगणा आहे. इतकी माहिती वैर असल्याशिवाय कोण ठेवतो! संकटात मदत कोण करणार हे प्रेमापेक्षा माहितीवर ठरतं, असं माझं मत झालंय.

संकटात कोण कुणाला धरून राहतं, हे पाहायला क्रिस्टाकिस यांनी फुटलेल्या जहाजांच्या हकिकती गोळा केल्या आहेत. 1864 मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिणेला, ऑकलंड बेटांवर, दोन जहाजं एकाच बेटाच्या दोन टोकांना फुटली. एकमेकांचा पत्ता दोघांनाही नव्हता. 'इन्व्हरकॉल्ड'चे 19 जण किनाऱ्याला लागले, त्यातले 3 वाचले. 'ग्राफ्टन'चे 5 होते, पाचही वाचले. बेट तेच, थंडी तीच, खायला सीलचं मांस तेच. ग्राफ्टनच्या लोकांनी मत देऊन म्होरक्या निवडला आणि संध्याकाळी एकमेकांना शिकवण्याचे वर्ग भरवले. मला अर्थातच हे वर्ग फार आवडले. शेवटी तिघे जण छोट्या होडीतून सुटले आणि त्यांचा कप्तान उरलेल्या दोघांना न्यायला परत आला. इन्व्हरकॉल्डवाल्यांनी मात्र अशक्त माणसाला मागे टाकून पुढे जायला सुरुवात केली होती. माणसं दोन्हीकडे सारखीच असणार. फरक पडला तो त्यांनी पहिल्या काही दिवसांत एकमेकांशी काय ठरवलं त्याचा.

3. मागावं, आणि थोडंच मागावं

मे 2020, टाळेबंदी. मुंबई-आग्रा महामार्गावर चालणाऱ्या माणसांची रांग. कसारा घाट चढून इगतपुरी, नाशिक, पुढे मालेगाव, धुळे. देशात पहिल्या ज्या सहा श्रमिक रेल्वे सोडल्या, त्यातल्या दोन नाशिकरोडच्या होत्या, एक भोपाळची, एक लखनौची. पण रेल्वेत मावणारे किती आणि चालणारे किती!

आमच्या सोसायटीतल्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी ग्रुपवर चार ओळी टाकल्या: ज्यांना जमेल त्यांनी उद्या सकाळी नऊपर्यंत दहा पोळ्या आणि कोरडी बटाट्याची भाजी. दहाच. पन्नास मागितल्या असत्या तर निम्म्या घरांनी वाचून सोडून दिलं असतं. दहा पोळ्यांना नाही म्हणायला तोंड धजत नाही. सकाळी डबे यायला लागले. एरवी वर्गणीच्या वेळी दार न उघडणारे एक गृहस्थ पोळ्यांबरोबर आंब्याच्या लोणच्याची बरणीच घेऊन आले. रस्त्यावर पोळ्या वाटून आलेल्या मुलांनी सांगितलं की पोळ्या मिळताहेत, चपला नाहीत, आहेत त्यांचे अंगठे तुटलेत. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली चपलांचा ढीग. मागच्या गल्लीतल्या दोन इमारतींनीही मग सुरू केलं.

क्रिस्टाकिस आणि त्यांचे सहकारी जेम्स फाउलर यांनी 2010 मध्ये अशाच एका गोष्टीवर लिहिलं. अनोळखी माणसांना सामाईक पेटीत पैसे टाकायला सांगायचे, दर फेरीला गट बदलायचा, म्हणजे उपकार फेडायला तीच माणसं पुन्हा भेटत नाहीत. तरी एकाने जास्त टाकले की त्याच्या गटातले पुढच्या फेरीत भलत्याच लोकांसाठी जास्त टाकत. हा परिणाम तिसऱ्या माणसापर्यंत जाई.

पण या मंडळींचं सगळंच डोळे मिटून घेऊ नये. लठ्ठपणा मित्राकडून मित्राकडे पसरतो, असं या दोघांनी 2007 मध्ये लिहिलं, तेव्हा संख्याशास्त्रज्ञांनी त्यांना चांगलं धारेवर धरलं. म्हणाले, सारखी माणसंच एकमेकांशी मैत्री करतात, मग पसरलं कसं म्हणता? आक्षेप रास्त आहे. आमच्याकडे बघून मागच्या गल्लीने पोळ्या केल्या, की त्यांनी तशाही केल्याच असत्या, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. चपलांचं मात्र सांगू शकते. त्यांना चपलांचं आमच्या मुलांनीच सांगितलं.

4. भिशीतला पहिला नंबर

भिशीचा नियम चिठ्ठीचा. डब्यातून चिठ्ठी काढायची, नाव येईल तिला त्या महिन्याची रक्कम. पण दरवर्षी कुणीतरी आधीच कानाशी येऊन सांगतं, "तिच्या सासऱ्यांचं ऑपरेशन आहे, पहिला तिला जाऊ दे." आणि चिठ्ठी न काढताच पहिला नंबर तिला जातो. पहिली रक्कम उचलून उरलेले हप्ते बुडवणारी बाई मी पाहिली नाही असं नाही. पाहिली आहे. तिला पुढे कुठल्याच भिशीत घेतलं गेलं नाही, अगदी तिच्या माहेरच्या गल्लीतही. बातमी कशी पोचली, देव जाणे.

5. चांगुलपणालाही माप लागतं

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. लहानपणी "टेलवाले" हा शब्द कीव करायच्या सुरात ऐकलाय. कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी ते टेलवाले. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे आणि त्याच्या कालव्याच्या टोकाला ओझर. पाणी वरचे घेणार, रात्री दारं फोडणार, आणि खालच्यांच्या चारीत गवत उगवणार. वरचे काही राक्षस नव्हते. पाणी पुढच्या पाळीला मिळेल याचा भरवसा नाही, म्हटल्यावर आज मिळतंय तेवढं प्रत्येक जण ओढणार. हेडला, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीला, जमीन असती तर टेलवाल्यांनीही तेच केलं असतं.

ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या सुमारास या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या पहिल्या तीन. मागणी साधी होती: सरकारने पाणी घनमापाने मोजून संस्थेच्या दारात द्यावं, आतलं वाटप आमचं आम्ही करू. पाणीपट्टी संस्था गोळा करणार, पाटकरी संस्था नेमणार. पाटकरी आपलाच असल्यावर चारी कुणी फोडली ते संध्याकाळपर्यंत पारावर कळतं. दंड रुपयांत, पण खरी शिक्षा पारावरची. आणखी एक गंमत म्हणजे कालव्याचं पाणी झिरपून विहिरींना उतरतं, त्याचाही हिशोब त्यांनी मांडला. त्यामुळे ज्यांच्याकडे विहीर आहे ते "आम्हाला काय त्याचं" म्हणून बाजूला राहू शकले नाहीत. पुढे वाघाडवर अशा 24 संस्था झाल्या, त्यांचा संघ झाला आणि सगळ्या प्रकल्पाचं पाणी शेतकऱ्यांच्या हातात आलं. राज्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला तो 2005 मध्ये. म्हणजे ओझर कायद्याच्या कितीतरी आधी.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रश्नावरच्या कामाला. सामाईक गोष्ट लोक मिळून सांभाळू शकतात का, हा प्रश्न. नेपाळमध्ये शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेले पाट त्यांनी पाहिले, त्यांची सरकारी कालव्यांशी तुलना केली आणि शेतकऱ्यांचं पाणी टोकापर्यंत जास्त चांगलं पोचतं, असं दाखवलं. त्यांनी सांगितलेल्या अटी ओझरच्या कुठल्याही शेतकऱ्याला तोंडपाठ असाव्यात: कोण हक्कदार ते ठरलेलं हवं, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत, राखणदार आपल्याला जाब देणारा हवा, पहिल्या चुकीला दंड हलका हवा.

माझ्या वडिलांच्या पिढीला वाटायचं की हेडवाल्यांना दया यायला पाहिजे. दया येते, पण पाळी संपेपर्यंत टिकत नाही. मोजणी टिकते.

6. घट्ट विणीला दार नसतं

यात्रेकरूंना वाड्यात उतरवून घेणारी, परगावच्या अनोळखी माणसाला पाट मांडून जेवू घालणारी ही पंचवटी. त्याच पंचवटीने 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचे दरवाजे बंद करून घेतले होते. बाहेर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांच्या मागे हजारो सत्याग्रही उभे. दलितांना रामाच्या दर्शनाचा हक्क एवढीच मागणी. वर्षं गेली, दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली.

क्रिस्टाकिस मानतात की प्रेम, मैत्री, सहकार्य, शिकणं-शिकवणं हे माणसाच्या हाडीमासी आहे. त्याच यादीत ते आपपरभावही घालतात, आणि तो प्रामाणिकपणा मला आवडतो. दार लावून बसलेले लोक आतून एकमेकांशी फार चांगले वागत असणार, याबद्दल मला शंका नाही. तिथेच तर घोळ आहे.

म्हणून वर्गात मी दर काही आठवड्यांनी बाकं बदलायची. नुसतं शेजारी बसवून भागत नाही. पोरं मध्ये दप्तराची भिंत करतात. दोघांत मिळून एकच नकाशा, एकच रंगपेटी दिली की भिंत पडते. पालक भांडायला यायचे. कशासाठी, ते कुणी उघड सांगायचं नाही, "डोळ्याला लांबचं दिसत नाही" असलं काहीतरी सांगायचे. मी बाकं बदलतच राहिले.

7. ओळख नसलेल्यांचाही विचार करता येतो

6 मार्च 2018 रोजी सीबीएस चौकातून किसान सभेचा मोर्चा निघाला, तेव्हा मी बघायला गेले होते. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, त्र्यंबककडचे लोक. बायका जास्त. एकेका गावाचं माणूस एकत्र चालतंय, डोक्यावर पिशव्या. मुंबईपर्यंत साधारण 180 किलोमीटर. 11 तारखेच्या रात्री ते सोमय्या मैदानावर पोचले. दुसऱ्या दिवशी बोर्डाची परीक्षा. सकाळी मोर्चा निघाला असता तर मुलांचे रस्ते अडले असते. पायांना फोड आलेली ती माणसं रात्रीतच उठून आझाद मैदानाकडे चालती झाली. मुंबईकर मध्यरात्री पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले, ते यानंतर. बातम्यांत मुंबईकरांचं कौतुक जास्त झालं. आधी कुणी दिलं, हा क्रम मात्र पाहावा.

8. गर्दीत मागच्याला पुढचं कळत नाही

27 ऑगस्ट 2003, सिंहस्थाचं शाही स्नान. सरदार चौकाजवळच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन 39 भाविक गेले. नंतर सगळीकडे एकच सूर, लोकांना शिस्त नाही. मला ते कधी पटलं नाही. पुढे माणूस पडलाय हे मागच्याला दिसत नाही, ऐकू येत नाही. त्याला एवढंच कळतं की रांग हलत नाही. रेटा पुढे जातो, बातमी मागे येत नाही. मागचा माणूस शेजाऱ्याला रक्त देणारा असला तरी ढकलणारच.

2015 च्या कुंभात नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने पावलं मोजणारी चटई बनवली होती. तिच्यावरून किती माणसं पुढे गेली ते लगेच कळे. फार हुशारीचं काम. पण चटई नियंत्रण कक्षाला सांगते, मागच्या माणसाला कुणी सांगायचं?

आता 2027 चा सिंहस्थ येतोय. आमच्या भागातल्या काही जणांनी एक वही केली आहे. कुठल्या वाड्याला मागचं दार आहे, कुणाच्या गच्चीवरून चौक दिसतो, कुणाचा आवाज पल्ल्याचा आहे, कुणाला हिंदी आणि गुजराती दोन्ही येतं. पहिल्या बैठकीत पिण्याच्या पाण्याचा ड्रम कुणाच्या पायरीवर ठेवायचा यावरून जुंपली. पुढची बैठक आमच्याकडे आहे, तेव्हा पायरीही बहुतेक आमचीच.